ओइकावांच्या रायफलीसाठी निवडलेला स्कोप

मी रायफलीवर बसवायचा स्कोप आहे. सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. माझ्या आत शिरणारं प्रत्येक चित्र आधी उलटं होतं, मग पुढची भिंगं ते सुलट करतात. दोनदा फिरवलेल्या चित्रात इकडचं तिकडे काहीच झालं नसेल, अशी खात्री मला कधीच वाटली नाही. मार्च २०११च्या भूकंपात मी सेंदाईतल्या एका दुकानात वरच्या फळीवरून खाली पडलो, असं मी आजवर धरून चाललो आहे. पण तेव्हा मी खोक्यात, मऊ फोममध्ये होतो. पडल्याचं मला खरोखर आठवतं, की दुकानदार पुढे गिऱ्हाइकांना सांगायचा ते ऐकून आठवतं, हे मला सांगता येणार नाही.

माझा जन्म नागानोच्या डोंगराळ भागातल्या एका कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझी भिंगं एकेक करून पुसली आणि नळीत बसवली. दीडपट ते पाचपट मोठं दाखवणारा, लहान तोंडाचा, अंगाने बारीक असा मी. मोठ्या तोंडाचे, बारापट-सोळापट दाखवणारे माझे भाऊबंद वेगळ्या खोक्यांतून गेले. त्यांचा तोरा वेगळा असतो.

भूकंपानंतर दुकानदाराने माझ्या खोक्यावर चिठ्ठी लावली : 'भूकंपात पडलेला. तपासलेला आहे.' जपानी दुकानदार असं लिहितात. त्या चिठ्ठीमुळे मला साडेतीन वर्षं कुणी हात लावला नाही. तिच्यामुळेच मोहन आपटे यांनी मला घेतलं.

मोहनराव सेंदाईच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. मूळचे पुण्याचे, पंचवीस वर्षं जपानमध्ये. भिंगं आणि प्रकाश हाच त्यांचा विषय. त्यांनी अकरा स्कोप काउंटरवर मांडायला लावले, प्रत्येकातून समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचली आणि वहीत काहीतरी लिहिलं. शेवटी बरोबर आलेल्या पत्नीला, सुप्रभाबाईंना, म्हणाले, "हा घेऊ."

"अहो, पण हा तर पडलेला आहे!"

"म्हणूनच. बाकीच्यांत काय दोष आहे ते कुणी लिहिलेलं नाही."

सुप्रभाबाईंनी दुकानदाराकडे पाहून मान लववली. नवऱ्याच्या वतीने अशी मान लववण्याची त्यांना सवय असावी.

मराठी मी त्यांच्या घरी शिकलो. पहिल्यांदा तिथे मी पाचच आठवडे होतो, पुढे बहुतेक पुस्तकांमागे आणि कपाटात, त्यामुळे माझ्या बोलण्यात चुका असतील.

मला विकत घेण्याचं कारण ओइकावा-सान नावाचे एक शिकारी. सेंदाईहून दक्षिणेला तासाभरावर मारुमोरी म्हणून गाव आहे, त्याच्या वरच्या अंगाला त्यांची भातशेती. भूकंपानंतर अणुवीज केंद्राचा अपघात झाला, पलीकडची गावं रिकामी झाली आणि रानडुकरांना कुणी हटकणारं उरलं नाही. ती डोंगर ओलांडून इकडच्या शेतांत उतरू लागली. त्यांना मारणं गरजेचं होतं आणि मारल्यावर खाता येत नव्हतं, कारण मांसात किरणोत्सार असे. मोहनराव दर शनिवारी नगरपालिकेच्या तपासणी केंद्रावर मोजणीला मदत करायला जात. तिथे एकदा ओइकावा-सान मांसाचा तुकडा बर्फाच्या डब्यातून घेऊन आले.

"मर्यादा शंभर आहे. यात सहाशे चाळीस," मोहनरावांनी सांगितलं. "खाऊ नका."

"माझं वय एक्काहत्तर," ओइकावा-सान म्हणाले. "त्या सहाशे चाळीसला माझं काही बिघडवायला किती वर्षं लागतील?"

मोहनरावांनी खरोखरच कागद घेऊन हिशेब मांडला. तेव्हापासून दोघांची मैत्री. ओइकावांना 'आपटे' म्हणता येत नसे. ते 'आपुते-सान' म्हणत.

दोन वर्षांनी ओइकावांनी त्यांना एक काम सांगितलं. त्यांच्याकडे लिव्हरची रायफल होती, जुनी अमेरिकन. दस्त्याखाली लोखंडी कडं असतं; ते खाली ओढून परत वर केलं की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवं काडतूस नळीत चढतं. नेम धरायला नळीच्या टोकाला एक बारीक दाणा आणि मागे खाच, बस. ओइकावांना आता तो दाणा दिसेनासा झाला होता. "तुम्ही भिंगांचे प्राध्यापक," ते म्हणाले. "माझ्या रायफलीसाठी एक स्कोप निवडून द्या."

मोहनरावांना याचा किती आनंद झाला ते सुप्रभाबाई सांगत. इतक्या वर्षांत या देशात त्यांना कुणी घरगुती स्वरूपाचं काम सांगितलं नव्हतं.

आता एक अडचण. जपानमध्ये ज्याच्या नावाचा परवाना, त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणी बंदुकीला हात लावायचा नाही. घरच्या बायकोनेही नाही. मोहनरावांनी तो कायदा मुळातून वाचला आणि ते जरा जास्तच घाबरले. मारुमोरीला जाऊन ओइकावांच्या घरी तातामीच्या चटईवर ते रायफलीपासून पाच फुटांवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. मोजमापं ओइकावा घेत, हे लिहून घेत. टेपचं दुसरं टोक धरावं की नाही यावर त्यांनी विचार केला आणि धरलं नाही. ओइकावांनी ते पायाच्या अंगठ्याने दाबून धरलं. हे सगळं मी पाहिलेलं नाही. सुप्रभाबाई घरी आलेल्या पाहुण्यांना नक्कल करून दाखवत, त्यावरून सांगतो.

मोहनरावांच्या वहीत त्रेचाळीस प्रश्न होते. डुक्कर किती अंतरावर दिसतं? वीस-तीस मीटरवर. किती वेळ दिसतं? दोन श्वास. उजेड कसा असतो? दस्ता खांद्याला लावल्यावर डोळा कुठे येतो? झटका किती बसतो? वजन किती चालेल? त्यांची उत्तरं घेऊन ते योग्य निष्कर्षाला आले. बारापट दाखवणारा स्कोप वीस मीटरवरच्या डुकराचे नुसते केस दाखवेल. इथे कमी मोठं आणि जास्त रुंद दाखवणारा हवा. म्हणजे मी. माझ्याबद्दल मीच बोलतोय म्हणून पक्षपाताचा संशय घ्या, पण निवड अभ्यासपूर्वक होती.

चव्वेचाळिसावा प्रश्न मात्र वहीत नव्हता. पुंगळी कुठून बाहेर पडते?

बहुतेक रायफलींची पुंगळी उजवीकडे पडते. या जुन्या रायफलीची सरळ वर उडते, नेमकी जिथे स्कोप बसवतात तिथे. ओइकावांनी त्या दिवशी लिव्हर ओढून दाखवला होता. वरचं तोंड उघडलेलं मोहनरावांनी पाहिलं. त्यांना वाटलं, ते काडतुसं भरायला असेल. रायफल हातात घेऊन एकदा उलटसुलट केली असती, तर भरायची खिडकी बाजूला आहे हे त्यांना कळलं असतं. पण हात गुडघ्यांवर होते.

घरी आणल्यावर मोहनरावांनी माझी परीक्षा सुरू केली. बाल्कनीत छोट्या तिपाईवर मला बांधून ते रोज सकाळी त्याच एका विजेच्या खांबाकडे बघत. पडल्यामुळे माझ्या आतली फुलीची रेघ हलते का, हे त्यांना पाहायचं होतं. दहाव्या दिवशी लिफ्टशेजारी कागद लागला : या इमारतीत दुर्बिणीतून पाहणारी एक व्यक्ती आढळली आहे, रहिवाशांनी पडदे लावून घ्यावेत.

मोहनरावांनी तो दोनदा वाचला. "आता?"

"आता काय? पंचवीस वर्षांत पहिल्यांदा सगळ्या इमारतीने तुमची दखल घेतली," सुप्रभाबाई म्हणाल्या.

ते व्यवस्थापकाकडे गेले, मला दाखवलं, खांब दाखवला, वहीतले आकडे दाखवले. परत आल्यावर त्यांनी तिपाई घडी करून आत ठेवली. माझी रेघ हलत नव्हती, ही गोष्ट त्या गडबडीत मागे पडली.

त्याच रात्री जेवताना सुप्रभाबाईंनी विचारलं, "अहो, ओइकावा-सानांनी डोळे तपासून घेतलेत का?"

"हा भिंगांचा प्रश्न आहे, सुप्रभा."

"डोळ्यातही भिंगच असतं ना?"

मोहनरावांनी दुसऱ्या दिवशी फोनवर आडवळणाने विचारून पाहिलं. ओइकावा म्हणाले, "पुढच्या महिन्यात जाईन." आधीही ते असंच म्हणाले होते. डोळ्यांच्या डॉक्टरने एकदा नको म्हटलं की परवाना धोक्यात. म्हणून तो महिना येत नव्हता. मोहनरावांना हे कळत असावं. थोरल्या माणसाला याहून स्पष्ट विचारायचं त्यांच्या जिवावर आलं.

सप्टेंबरच्या शेवटी ते मला घेऊन मारुमोरीला निघाले. स्टेशनवर त्यांना घ्यायला चिबा-सान आपला छोटा ट्रक घेऊन आले होते. चिबा हे गावच्या शिकारी गटाचे म्होरके, वय अडुसष्ट. गटात सहा जण. एक जण कुत्री घेऊन डुकरं हाकत येतो, बाकीचे ठरलेल्या जागी बंदूक घेऊन थांबतात. हाकणारे चिबा.

मी मोहनरावांच्या मांडीवर होतो. चिबा त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत. गाडी चालवता चालवता ते म्हणाले, "सेन्सेई, यातून माणूस कसा दिसतो?"

"माणूस? माणसाकडे कशाला बघायचं यातून?"

"समोरून झुडपातून येतो तो मीच असतो. म्हणून विचारलं."

गाडी पुढच्या वळणावरून गेली. मग चिबांनी सांगितलं. गेल्या हिवाळ्यात ओइकावांची गोळी देवदाराच्या खोडात घुसली. खोडाच्या पलीकडे, हातभर अंतरावर, चिबांची कुत्री होती. चिबा तिच्या मागे दहा पावलांवर. अंगात नारिंगी जाकीट होतं.

"त्यांना सांगितलंत?"

"काय सांगू? मला बंदूक धरायला त्यांनी शिकवलं. माझ्या लग्नात पहिलं भाषण त्यांचं. त्यांना मी म्हणू, आता बंदूक ठेवा?" चिबांनी गियर बदलला. "तुम्ही सांगा ना, सेन्सेई."

"मी? मी तर बाहेरचा."

"म्हणून तर."

मोहनरावांनी माझ्या खोक्यावर दोन्ही हात ठेवले. त्यांच्या हातांना घाम आलेला मला पुठ्ठ्यातूनही जाणवला, असं मला वाटतं. ते म्हणाले, "हा स्कोप बसला की त्यांना स्वच्छ दिसेल. खूप रुंद दाखवतो हा." आणि माझे आकडे सांगू लागले. चिबांनी ते सगळे शांतपणे ऐकून घेतले.

ओइकावांच्या घरी मला खोक्यातून काढलं. मला हातात घ्यायला परवाना लागत नाही. ओइकावांनी मला उघड्या दारातून अंगणाकडे धरलं आणि उजवा डोळा लावला. तेव्हा मी पाचपटीवर होतो. अंगणात काकी नावाच्या नारिंगी फळांचं झाड होतं, फळं नुकती पिकू लागलेली. एका फांदीवर बुलबुल बसला होता.

"अरे वा," ओइकावा म्हणाले. "गालावरचा तांबूस ठिपका दिसतोय. पिसं मोजता येतील. चार-पाच वर्षांत मी असा पक्षी पाहिला नाही, आपुते-सान." मग मला तसंच डोळ्याला धरून त्यांनी बायकोला हाक मारली. "अगं, इकडे ये, बघ. कुठे आहेस?"

"ही काय, इथे," बाई म्हणाल्या.

त्या झाडाला लागूनच उभ्या होत्या, दोरीवर चादर घालत होत्या. पक्ष्यापासून हातभर अंतरावर. माझ्या वर्तुळाच्या जरा बाहेर.

मोहनराव लगबगीने म्हणाले, "पाचपटीवर आहे म्हणून. कडं फिरवा, दीडपटीवर आणा."

ओइकावांनी कडं फिरवलं. मी रुंद झालो. झाड, चादर, बाई, सगळं एकाच वर्तुळात आलं.

"आता बायको दिसते," ओइकावा म्हणाले. "पण पक्षी उडाला."

"उडाला कुठे? तिथेच तर बसलाय," बाई म्हणाल्या.

ओइकावांनी मला डोळ्यापासून दूर केलं, झाडाकडे पाहिलं, पुन्हा मला लावलं. मग मला मांडीवर ठेवून माझ्या दोन्ही तोंडांवर झाकणं बसवली, अगदी हलक्या हाताने. मोहनरावांनी वहीत लिहिलं : 'शिकारीला दीडपट ठेवणे.' ते वाक्य त्यांनी पुढे अनेकदा काढून वाचलं.

"छान निवडलात," ओइकावा म्हणाले. "बसवून घेतो. काकुदाच्या सुगावारांकडे."

सुगावारा हे शेजारच्या काकुदा गावातले बंदूकदुरुस्तीचे जुने कारागीर. मोहनरावांना बरोबर जायचं होतं, पण त्या आठवड्यात विद्यापीठात परीक्षा होत्या. ओइकावा मला एकटेच घेऊन गेले. तिथे मी तीन दिवस होतो. लेथची घरघर चालू असायची. तिथलं बोलणं मला फारसं आठवत नाही. रायफलीच्या पाठीवर चार भोकं पाडली, कंस बसला, कंसात मी. अंगठ्याने मागे ओढायचा घोडा माझ्याखाली दबत होता म्हणून त्याला बाजूला एक छोटी खुंटीही जोडली. काम सुबक होतं. मला पहिल्यांदाच वाटलं की आपण कुठेतरी बसलो.

ऑक्टोबरच्या मध्यावर नेमबाजीच्या मैदानावर सगळे जमले. शिकारीचा हंगाम महिन्यावर होता आणि गटाचा नियम असा की नवीन काही बसवलं की आधी सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं. चिबा होते, गटातले आणखी दोघे होते. पिवळ्या रेघेमागे कानांवर संरक्षक लावून मोहनराव उभे. त्यांनी त्या दिवशी टाय लावला होता.

मला पुढचा कागद स्वच्छ दिसत होता. ओइकावांनाही माझ्यातून दिसत असणार, कारण पहिली गोळी काळ्या ठिपक्याला लागली. त्यांनी लिव्हर ओढला. पुंगळी सरळ वर आली, माझ्या पोटावर टण्कन आपटली आणि परत त्याच तोंडात आडवी पडली. लिव्हर अर्ध्यात अडकला.

ओइकावांनी करंगळीने पुंगळी काढली. दुसरी गोळी. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळची पुंगळी कशीबशी बाहेर पडली. चौथी पुन्हा अडकली. पाचवीला ते थांबलेच नाहीत. शांतपणे मारली, अडकलेली काढली आणि रायफल उघडी ठेवून बाजूला झाले. कागदावरची पाचही भोकं एका तळहाताखाली झाकली गेली असती.

मैदानाचे अधिकारी पुढे आले. "वरून पुंगळी टाकणारी रायफल, आणि तिच्यावर स्कोप? हे कुणी ठरवलं?"

"मी," मोहनराव म्हणाले. रेघ ओलांडायची नाही म्हणून रेघेला पाय टेकवून ते कमरेत वाकले आणि तसेच राहिले. "मी निवडला. मी विचारलंच नाही. माझी चूक आहे. सर्वस्वी माझी."

"असू दे, असू दे," ओइकावा म्हणाले. "आपुते-सानचा स्कोप उत्तम आहे. रायफल जुनी आहे. दोघांचं जमत नाही, एवढंच."

चिबा हळूच म्हणाले, "बाजूला बसवायचे कंस मिळतात म्हणे..." पण बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला आणि वाक्य पूर्ण झालं नाही.

"नको," ओइकावा म्हणाले. "दाणा दिसत नाही, स्कोप बसत नाही. या वयात नवी रायफल कोण घेतो? मी या हंगामात उतरत नाही. वसंतात तपासणीला नेईन तेव्हा पोलिसांकडे जमा करून टाकीन."

चिबांनी त्यांच्यापुढे मान खाली घातली, ती बराच वेळ. ओइकावांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. सगळ्यांनी मिळून जमिनीवरच्या पुंगळ्या मोजून उचलल्या, कारण त्याही परत द्याव्या लागतात. कुणी कुणाला लागेल असं काही बोललं नाही. मोहनराव मात्र परतीच्या गाडीत बसले तेव्हा टाय सोडवायचंही त्यांना सुचलं नाही.

पुढच्या रविवारी ते माफी मागायला गेले. इथे माफी मागायला जाताना गोड नेतात. दुकानातलं नेलं तर चूक हलकी वाटेल असं मोहनरावांना वाटलं, म्हणून सुप्रभाबाईंनी बेसनाचे लाडू केले. मी तिथेच होतो, रायफलीवरून उतरवून पुन्हा खोक्यात ठेवलेला, दाराशेजारच्या कपाटावर. ओइकावांनी दोन लाडू खाल्ले, पीठ कशाचं ते विचारलं आणि मला दोन्ही हातांनी मोहनरावांना परत दिलं. मोहनराव बोलू लागले की ते म्हणायचे, "चहा घ्या."

एप्रिलमध्ये रायफल पोलिसांकडे गेली. तिथे अशा रायफली कापून टाकतात. मे महिन्यात ओइकावांचा फोन आला. मोतीबिंदू काढून झाला होता, दोन्ही डोळ्यांचा. "आपुते-सान, चिबाच्या तोंडावर इतक्या सुरकुत्या आहेत हे मला ठाऊकच नव्हतं!"

फोन ठेवून मोहनराव खुर्चीत बसले. "तीन आठवड्यांत झालं ऑपरेशन," ते म्हणाले. "मी एकदा सरळ म्हटलं असतं, आधी डॉक्टरकडे चला, तर त्यांची रायफल राहिली असती. डोळ्यांचा प्रश्न होता आणि मी नळी आणून दिली. तीही चुकीची."

सुप्रभाबाईंना बोलायला जागा होती. पण त्यांनी मला उचललं आणि पुस्तकांच्या मागे ठेवलं, मोहनरावांच्या नजरेआड.

मी माणसांना जवळून पाहिलं आहे. माझं काम तेच. मोहनरावांनी इतरांच्या चुका कधी चार दिवसही लक्षात ठेवल्या नाहीत. ही एक त्यांनी वर्षानुवर्षं जपली. कुणी शिकारीचा विषय काढला की ते स्वतःहून सांगत, "मी एका माणसाची तेहतीस वर्षांची सोबत घालवली." ऐकणारे विषय बदलत. मलाही अपराध्यासारखं वाटे. पुंगळी माझ्याच पोटाला लागली होती.

ओइकावा मात्र गटात राहिले. ट्रकमध्ये रेडिओ घेऊन बसायचे आणि कोण कुठे आहे ते सगळ्यांना सांगायचे. दर शरद ऋतूत त्यांच्याकडून तांदूळ यायचा. २०२०च्या जानेवारीत ते गेले. तोवर मोहनराव निवृत्त होऊन मुलीजवळ, अपूर्वाजवळ, ग्योतोकुला राहायला आले होते. अंत्यविधीला ते एकटेच गेले. तिथे त्यांनी ओइकावांच्या पत्नीची माफी मागितली. "कशाबद्दल?" त्या म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी सुप्रभाबाईंना सांगितलं, "बघ, अजूनही मला सांभाळून घेतात."

मी आता ग्योतोकुच्या या घरात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. माझी भिंगं अजून स्वच्छ आहेत. पाच गोळ्या एवढंच माझं आयुष्यातलं काम, आणि त्याही कागदावर. माझी तक्रार नाही. पुढेमागे मला टाकायचं ठरलं, तर झाकणं लावून टाकावं, इतकीच विनंती.

टाकायची वेळ एकदा आलीच होती. २०२२ साली, वर्षअखेरच्या साफसफाईत, अपूर्वाने मला खाली काढलं. इथे प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचा दिवस वेगळा असतो.

"बाबा, याला कुठल्या दिवशी टाकायचं? काच म्हणून की धातू म्हणून?"

"टाकायचा नाहीये तो."

"मग निदान हे खोकं तरी? पुठ्ठा वेगळा, फोम वेगळा." तिने फोम उचलला. त्याच्या खाली माझी माहितीपुस्तिका होती, आणि पुस्तिकेत घडी घातलेली कामाची पावती. सुगावारांच्या दुकानाची, दोन ऑक्टोबर २०१४ची. कार्बनवरचं निळं अक्षर, घाईत लिहिलेलं. मोहनरावांना जपानी छापील वाचता येतं. असं हस्ताक्षर नाही. अपूर्वाला येतं.

तिने वाचलं : "'चार भोकं, कंस, घोड्याची खुंटी.' खाली काहीतरी लिहिलंय. 'पुंगळी स्कोपला लागेल, सांगितले.' मग ओइकावा-सानांचा सहीचा शिक्का."

"नीट वाच."

"बाबा, तेच लिहिलंय."

"'सांगितले' की 'सांगायचे'?"

"सांगितले. आणि तुझी ती चाचणी कधी होती?"

"चौदाला." मोहनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पावतीवर त्यांचा विश्वास बसला नाही. कारागीर स्वतःच्या बचावासाठीही असं लिहून ठेवतो, असं ते म्हणाले. रात्रभर ते याच एका मुद्द्यावर सुप्रभाबाईंशी बोलत होते. सकाळी त्यांनी पावतीवरच्या नंबरावर फोन लावला. दुकान बंद झालं होतं, पण फोन अजून सुगावारांच्या घरात होता. त्यांचं वय ब्याऐंशी. अपूर्वाने फोनचा आवाज मोठा केला, म्हणून मलाही ऐकू आलं. आणि या वेळी मी खोक्याबाहेर होतो.

सुगावारा म्हणाले, "हो, मीच लिहिलं ते. दोनदा सांगितलं होतं मी त्यांना. बाजूला बसवायचा कंस माझ्याकडे तयार होता, तोही काढून समोर ठेवला. ओइकावा-सान म्हणाले, 'ही रायफल तेहतीस वर्षं माझ्याकडे आहे. पुंगळी कुठून उडते ते मला माहीत आहे. वरच बसवा.'"